उघड्या गंजातला कोंबडा

मोहाचा वास लोकांना गोड वाटतो. सफारीला आलेले पाहुणे मोहर्लीच्या रस्त्यावर गाडी थांबवतात, नाक वर करून हवा ओढतात आणि एकमेकांकडे बघून माना डोलावतात. मला तो वास ओल्या गोणपाटाचा वाटतो. लहानपणापासून वाटतो. पण तो सुटला की चार दिवस माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही, हेही खरं.

आता तो पुन्हा सुटलाय. होळी होऊन गेली, ऊन कडक झालं आणि पहाटे झाडांखाली फुलं पडायला लागली. बाया उजाडता उजाडता टोपल्या घेऊन निघतात. आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ करायची, मग वाकून एकेक फूल उचलायचं. फूल पिवळट, गुबगुबीत, बोटाला चिकटणारं. दुपारपर्यंत अंगणाअंगणात मोह वाळत पडतो आणि त्याचा रंग मनुकांसारखा होत जातो. मी ओसरीवर बसून बघते. माझे गुडघे गेले. त्याचं फार वाईट वाटत नाही. जितकं वाकायचं होतं तितकं वाकून झालं.

एवढे हंगाम पाहिले, तर सगळे वेगवेगळे आठवायला हवेत. आठवत नाहीत. वाळलेल्या मोहाच्या ढिगासारखे ते एकमेकांना चिकटून बसलेत, एक ओढावा तर दहा येतात. फक्त एक सुटा राहिला. त्या हंगामात माझ्या चुलीवर फ्रान्स देशाचा कोंबडा शिजला.

मी चौथी शिकलेली. फ्रान्स कुठे आहे ते मला कोणी नकाशावर दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला ठाऊक होतं ते एवढंच, की तो देश माझ्या सुनेच्या आणि जंगलाच्या मध्ये येऊन उभा राहिला होता.

सुनेचं नाव गीता. भद्रावतीकडची, बारावी झालेली. माझा मुलगा कोळशाच्या ट्रकवर असतो, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो, झोपतो आणि जातो. घर आम्ही दोघींनीच चालवलं. गीता मोहर्लीच्या एका रिसॉर्टात भांडी घासायला जायची, आणि तिथलं काम नसेल तेव्हा मोहाला, मग तेंदूपत्त्याला.

त्या वर्षी होळी होताच शेजारच्या गावातल्या एका बाईला वाघानं मोहाखालून नेलं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, जनावर दिसतं, असं म्हणतात. मोह तर वाकल्याशिवाय उचलता येत नाही. गीता त्यानंतर दोन दिवस बायांबरोबर गेली. तिसऱ्या दिवशी रिकामी टोपली घेऊन परत आली.

‘बसवतच नाई वो आत्याबाई झाडाखाली,’ म्हणाली. ‘पाठीमांगून कोणी पाहून राह्यलं असं वाटते.’

मी तिला भित्री म्हटलं नाही. मलाही जन्मभर तसंच वाटत आलं होतं. मी बोलले नव्हते, एवढाच फरक.

रिसॉर्टात तेव्हा वेगळंच चाललं होतं. एक कुक सोडून गेला होता. भांडी घासणाऱ्या तिघी होत्या, त्यांतल्या दोघींना कमी करायचं ठरलं होतं. आणि फ्रान्सहून म्हाताऱ्या माणसांची एक टोळी वाघ बघायला येणार होती. मॅनेजर नागपूरचा. त्यानं तिघींना उभं केलं आणि सांगितलं, की पाहुण्यांच्या देशाची एक डिश आहे, ती शनिवारी घरून करून डब्यात आणा. जिची जमेल तिला स्वयंपाकात घेतो, बाराही महिने. बाकीच्या दोघींचा हिशेब शनिवारीच.

म्हणजे जमलं तर गीता चुलीपाशी, नाही तर मोहाखाली. मधलं काही नव्हतं.

बुधवारी ती घरी आली ती पिशवी छातीशी धरून. मी तांदूळ निवडत होते.

‘काय हाय थैल्यात?’

‘सामान हाय डिशचं.’

‘ते कागदात गुंडाळलेलं?’

‘सिरक्यासारखं असते काहीतरी.’

‘माह्या नाकाले नको शिकवू.’

तिनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘दारू हाय. अंगूराची. पेयाची नाई, शिजवाची हाय.’

‘शिजवून पेतेत का?’

‘कोंबडा शिजवतेत त्याच्यात. सायबानं तिघींले एक एक बाटली देली. आता मी काय करू?’

इथं सांगायला हवं, की गावातल्या बायांच्या मंडळाची मी अध्यक्ष होते. जिल्ह्यात दारूबंदी आली आणि गेली, आमच्या गावात ती आम्ही बायांनी ठेवली. कोणाच्या न्हाणीत, कोणाच्या कडब्यात काय लपवलंय ते मला बरोबर कळायचं आणि मी काठीनं दाखवायची. शिवाय गीताच्या लग्नाची गोष्ट. तिचा बाप पिऊन पिऊन गेलेला. तिची आई सोयरिकीला आली तेव्हा तिनं हुंड्याचं, शेताचं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, ईनबाई, या घरात कधी दारू आली का? मी म्हटलं, थेंब नाही. त्या दोन शब्दांवर पोरगी माझ्या घरी आली.

बाटली मी गोठ्यात ठेवायला लावली. घरात आणू दिली नाही. गोठा घराला लागूनच आहे, मध्ये भिंतसुद्धा अर्धीच आहे, पण बाईमाणसाला अशी एखादी रेघ लागते.

मग गीतानं फोन उघडून कृती वाचायला सुरुवात केली. त्या डिशचं नाव ‘कॉक ओ वँ’ की असं काही. तिनं चार वेळा म्हणून दाखवलं, मी चारही वेळा नको म्हटलं. मी त्याला दारूतला कोंबडा म्हणते. कांदे छोटे, गाजर, लसूण, तेजपान, डब्यातले सात्ये म्हणजे अळंबी, लोणी, मैदा. आमच्याकडे सात्ये पावसाळ्यात वारुळावर उगवतात, ते खाल्ल्यावर डब्यातले म्हणजे भिजवलेली चिंधी. एका इवल्या बाटलीत वाळलेल्या काड्या होत्या, वास ओव्याच्या पानाचा.

‘हळद?’ मी विचारलं.

‘नाई.’

‘तिखट?’

‘तेबी नाई. मिरे हायेत.’

‘सांबार?’ आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

‘नाई म्हटलं नं आत्याबाई.’

‘मग आजाऱ्याले देतेत का हे?’

ती हसली नाही. पुढचं वाचत गेली आणि मध्येच थांबली. ‘इथी लिहून हाय, कोंबडा म्हातारा पाहिजे. निब्बर. जवान कोंबडीचं हे होत नाई.’

मला त्या देशाबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. मॅनेजरनं दिलेली होती ती पांढरी, थंडगार, पिशवीतली कोंबडी. तिला नुसतं रागावून बोललं तरी ती शिजेल. ती आम्ही त्याच दिवशी आमच्या पद्धतीनं रस्सा करून खाल्ली. माझ्याकडे एक कोंबडा होता, तीन वर्षांचा, लाल, पायाला बोटभर काटे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटरीला चोच मारायचा आणि भरदुपारी आरवायचा. मला तो आवडत नव्हता. त्यामुळे त्याला कापताना मी फार मोठं काही दिलं असं कोणी समजू नये. मीच कापला, मीच साफ केला. अर्धा गीतानं कामाला घेतला, अर्धा फ्रीजमध्ये ठेवला. बाटलीचेही तसेच दोन भाग केले. चुकलं तर एकदाच चुकायची सोय होती.

रात्रभर मांस त्या दारूत भिजलं आणि सकाळी जांभळं खाल्लेल्या जिभेसारखं झालं. आमची चूल परसात आहे. गीतानं गंज चढवला. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. लोणी, कांदे, कोंबडा, सगळं फोनमध्ये पाहून पाहून घातलं, वरून भिजवलेली दारू ओतली. आणि मग तिनं जे केलं ते तिच्या आईनं केलं असतं, माझ्या आईनं केलं असतं, आमच्या बाजूच्या कुठल्याही बाईनं केलं असतं. गंजावर ताट झाकलं आणि ताटात लोटाभर गार पाणी ओतलं.

कोंबडा शिजवायचा तर असाच. खाली विस्तव, वर पाणी. म्हणजे रस्सा आटत नाही, बुडाला लागत नाही, आणि लागलं तर ताटातलं कोमट पाणी आत टाकायला हाताशी असतं. मी बाजूलाच पाटावर बसले होते. मला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. उलट पाणी कोमट झालं तेव्हा मीच म्हटलं, बदल ते. तिनं बदललं. दोनदा बदललं.

दोन-अडीच तासांनी झाकण काढलं आणि वासानं दोघींचीही मान मागे गेली.

कोंबडा शिजला होता. पण रश्श्याला आंबूस, नाकात चढणारा, घशाला झोंबणारा वास होता. गीतानं बोट बुडवून चाटलं आणि थुंकलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेवंता आली. शेवंता माझ्याच वयाची, शेजारीण, मंडळात माझ्याबरोबर.

‘काय लावलं वो अध्यक्षबाई?’ म्हणाली. ‘अख्खी गल्ली झिंगून राह्यली. मंडळाची मीटिंग बलावू का?’

‘फ्रान्सचा कोंबडा हाय,’ मी म्हटलं.

‘पाहू बरं.’ तिनं वाटीत घेतलं, एक घोट प्याली, डोळे मिटले आणि खो खो हसत सुटली. ‘फ्रान्सचा कायचा? हे तर तुह्याच हातचं हाय. किती वर्सानं लागलं तोंडाले!’

मग तिनं गीताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हसू गिळलं. ‘तिखट पाहिजे होतं,’ असं काहीतरी म्हणाली आणि वाटी ठेवून गेली.

गीताचं तिकडे लक्ष नव्हतं. ती चुलीसमोर गुडघ्यांना मिठी घालून बसली होती. ‘फोनमध्ये तर सांगतलं होतं, शिजताना दारू उडून जाते म्हणून,’ ती म्हणाली. ‘उडालीच नाई. आता अर्धीच राह्यली. शनवारी काय नेऊ?’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘त्या बाईचं घर मी पाह्यलं वो आत्याबाई. वाघानं नेली तिचं. टोपली अजून दारातच हाय.’

मी काढून ठेवलेल्या ताटाकडे बघत होते. पाणी सांडून ते चुलीला कलतं टेकलं होतं. त्याच्या बुडाला थेंब लागलेले. टपोरे, स्वच्छ, एकमेकांजवळ सरकत जाणारे. एक मोठा झाला आणि खाली पडला. त्या थेंबांना मी चांगली ओळखत होते.

मोहाची दारू काढतात ती अशीच. खाली आंबलेला मोह उकळतो, वर गार पाण्याचं भांडं ठेवतात. वाफ वर चढते, गार बुडाला लागते, थेंब होऊन पडते. वरचं पाणी गरम झालं की बदलायचं. अख्खी कला त्या पाण्यात आहे. जी बाई वेळेवर पाणी बदलते तिची दारू चांगली. माझी चांगली असायची.

गीताची दारू उडून जात होती, आणि आम्ही दोघी ताटात गार पाणी घालून घालून तिला परत खाली पाडत होतो. माझ्या घरच्या चुलीवर, मंडळाच्या अध्यक्षेसमोर, दिवसाउजेडी भट्टी लागली होती.

आता नुसतं ‘ताट ठेवू नको’ म्हणून मला सुटता आलं असतं. काऊन विचारलं असतं तर ‘असंच’ म्हणता आलं असतं. सासूला असंच म्हणता येतं, सासूपणाचा तेवढाच फायदा. पण काम तेवढ्यानं होणार नव्हतं. किती वेळ उघडं ठेवायचं, कच्चा वास कधी जातो, गेल्यावर मागे काय उरायला हवं, हे नाकानं ओळखायचं असतं. गीता फोनवर विश्वास ठेवणारी. अर्धी बाटली उरलेली असताना ती माझ्या नाकावर का विश्वास ठेवील?

‘हे ताट पाह्य,’ मी म्हटलं. ‘हे भट्टी झाली.’

‘कायची भट्टी?’

‘मोहाची असते तशी. वर गार पाणी ठेवलं का वाफेची दारू होऊन खाली पडते. उघडी ठेव, उडून जाईन.’

‘तुम्हाले कसं माहीत?’

‘मी लावत होती.’

‘मंडळात पकडाले जात होत्या नं तुम्ही?’

‘ते मांगून. पहिले लावत होती. तीन हंगाम. इथीच, हे चूल हाय नं, इथीच.’

‘तुम्ही माह्या आईले सांगतलं होतं...’

‘खोटं सांगतलं.’

‘काऊन?’

‘शिकलेली सून पाहिजे होती.’

तिनं गंज उचलला, सगळं उकिरड्यावर ओतलं, आणि राखेनं गंज घासत बसली. गरजेपेक्षा जास्त वेळ घासला.

त्या तीन हंगामांबद्दल मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहिण्यासारखं त्यात फार नाही. नवरा बांबूकटाईला गडचिरोलीच्या आतल्या बाजूला जायचा, महिने महिने यायचा नाही. घरात दोन लेकरं, धानाची एवढीशी बांधी. मोह विकून जे मिळायचं त्यापेक्षा मोहाची दारू विकून जास्त मिळायचं. म्हणून काढली. कोणी जबरदस्ती केली नाही. काढताना रडले नाही, उलट थेंब चांगला पडला की बरं वाटायचं. नवरा दारूनं मेला असं लोक म्हणतात, कारण तसं म्हणायला सोपं जातं. तो तापानं मेला. दारूला तो शिवतही नव्हता.

मी बंद केली ती दुसऱ्याच माणसामुळे. शेवंताचा दीर एका संध्याकाळी माझ्याकडून पिऊन गेला आणि सकाळी गावाबाहेरच्या बोडीत, लहानशा तळ्यात, मेलेला सापडला. पाणी कंबरभरही नव्हतं. पोलीस आले, गेले. मला कोणी काही विचारलं नाही. मी मडकं फोडलं. पुढे अनेक वर्षांनी मंडळ निघालं तेव्हा शेवंताच म्हणाली, ‘अध्यक्ष हिले करा, हिले माहीत हाय कुठी कुठी लपवतेत.’ सगळ्या हसल्या. आमच्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक होतं. नंतर आलेल्या सुनांना कोणी सांगितलं नाही, आणि बघता बघता मी जन्मापासून तशीच होते असं झालं. मला ते बरं वाटत होतं. कोणालाही वाटेल.

आता माझं नाक तेवढं राहिलं नाही. मागच्या मोठ्या तापानंतर डाळ करपल्याचाही वास उशिरा कळतो. पण हा मोह अजून कळतो. आज सकाळी रस्त्यानं एक पोरगी वाळलेला मोह पोत्यात भरून नेत होती, तर ती दिसायच्या आधी मी ओसरीवरून म्हटलं, नीट वाळला नाही गं, अजून एक ऊन दे. तिला वाटलं म्हातारी उगाच बोलते.

शुक्रवारी गीता माझ्याशी बोलली नाही. मीठ कुठे आहे एवढं विचारलं, तेही तिला ठाऊक होतं. रात्री तिनं उरलेला अर्धा कोंबडा भिजवला. शनिवारी उजाडायच्या वेळी मी परसात गेले तर ती चूल पेटवून बसलेली, भिजवणातली दारू गाळून बाजूला ठेवलेली. ताट जवळ घेतलेलं नव्हतं. मी पाटावर बसले.

तिनं आधी नुसती दारू गंजात घातली आणि उकळी येऊ दिली. उघडी. पहिला लोट आला तो नाक जाळणारा. मी तोंड वळवलं नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आता?’

‘नाई.’

बराच वेळ गेला. लाकडं तडतडली. झाडाखाली फुलं पडत असणार, पण इथून काही ऐकू येत नाही, फुलांचा आवाज येतो हे नुसतं म्हणायचं.

‘आता?’

‘थांब. अजून कच्ची हाय.’

दारू निम्म्यावर आली. वास बदलला. हे सांगता येत नाही, दाखवता येतं. आधी वास वर उडी मारतो. मग एका क्षणाला तो खाली बसतो, जड होतो, चिंच गुळात शिजवल्यासारखा. मी म्हटलं, ‘आता टाक कोंबडा.’ तिनं टाकला. लोण्यात परतलेले कांदे टाकले, गाजर टाकलं, त्या ओव्याच्या काड्या टाकल्या. गरम पाणी घातलं. मग मी ताट उचलून तिच्या हातात दिलं. ‘आता झाक. वर पाणी नको.’ लाकडं मागे ओढली, नुसत्या इंगळावर ठेवलं. निब्बर कोंबड्याला घाई केली तर तो जास्तच आडमुठा होतो.

इंगळावर एकसारखी बारीक बुडबुड चालली होती. त्या आवाजात बसून मला वाटलं, ही डिश हॉटेलवाल्यांनी काढलेली नाही. तिथेही कोणा म्हातारीकडे असाच एक मातलेला, चोच मारणारा कोंबडा असेल, दातांनी न तुटणारा. आणि घरची आंबट झालेली, पिण्याजोगी न राहिलेली दारू असेल. दोन नकोशा गोष्टी एका भांड्यात घालून तिनं पोरांना जेवायला दिलं असेल. पुढे कोणीतरी त्याला पांढऱ्या ताटात वाढलं आणि मोठं नाव दिलं. आपण रश्श्याला बेसनाचं आळण लावतो तसं गीतानं शेवटी लोणी-मैद्याचं लावलं. रस्सा गडद झाला, ताटलीला चिकटून राहिला.

मी चाखला. मला आवडला का? नाही. तिखट नव्हता. पण चुकलेला नव्हता. जीभ कितीही हट्टी असली तरी एवढं तिला कळतं.

‘बरा हाय,’ मी म्हटलं.

गीतानं डबा भरला, रुमालात बांधला आणि मोहर्लीला जाणाऱ्या ऑटोत मांडीवर घेऊन बसली.

ती गेली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी अंगणातला मोह हातानं खालीवर केला. तो तिनं घाबरण्याआधीच्या दोन दिवसांचा होता, चटईभरसुद्धा नव्हता. शेवंता येऊन माझ्याजवळ बसली. तिनं तंबाखू मळली, मला नको ते तिला ठाऊक होतं तरी पुढे केली.

‘सांगतलं पोरीले?’

‘सांगतलं.’

‘माह्या दिराचंबी?’

‘नाई.’

‘ते नको सांगू. तो पाण्यात आपल्या पायानं गेला.’ तिनं तंबाखू तोंडात टाकली. ‘तसाबी कामाचा नव्हता.’

तिनं मला माफ केलं असं मी समजले नाही. तिला विषय संपवायचा होता. आम्ही दोघी मोह खालीवर करत राहिलो. नंतर ती म्हणाली, ‘नाई लागलं तिचं काम, तर सोमवारी आमच्यासंगं पाठवजो. सात-आठजणी हावोत. मधात ठेवू तिले.’ मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नेलेली बाईही मधल्यांतलीच होती.

गीता परत आली तेव्हा उन्हं उतरली होती. डबा रिकामा होता. ती न्हाणीत जाऊन हातपाय धुऊन आली, मग सांगितलं.

‘एकीनं कुकर लावला होता. झाकण उघडलं तं सायेब मांगं सरकला. दुसरीनं मसाला टाकला, हळद टाकली. सायेब म्हणे भाजी चांगली हाय, पण डिश नाई.’

‘अन तुही?’

‘दोनदा घेतली. हाडं चोखली.’ ती खांबाला टेकून बसली. ‘उद्यापासून स्वयंपाकात ये म्हणे. बाराही महिने.’

‘बाकीच्या दोघी?’

‘घरी गेल्या.’ तिनं डबा बाजूला सारला. ‘एक जण सोमवारपासून मोहाले जातो म्हणे.’

त्याला आम्ही काय करणार होतो?

मग तिनं फोन काढला. ‘आईले सांगाचं हाय. शिकली कुठून विचारन ते. काय सांगू?’

‘झालं ते सांग.’

तिनं माझ्यासमोरच लावला. उठून आत गेली नाही. ‘आई, काम लागलं. हो, स्वयंपाकाचं. नाई, जंगलात नाई आता. सासूनं शिकवलं.’ पलीकडून काहीतरी आलं. गीतानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग नजर न काढता बोलली, ‘त्याहिची भट्टी होती आई. मोहाची. पहिले.’

मग गीतानं फोन माझ्याकडे केला.

‘ईनबाई,’ तिची आई म्हणाली.

‘बोला.’

‘खरं हाय?’

‘खरं हाय.’

बराच वेळ मला पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्याच ऐकू येत होत्या.

‘माहा नवरा ज्या घरी पेत होता, तेबी एका बाईचंच होतं,’ ती म्हणाली. ‘मी पोरीले काखेत घेऊन तिच्या दारात गेली होती. तिनं दार लावून घेतलं. मरेपर्यंत कबूल नाई केलं तिनं.’

मी फोन कानाला धरून राहिले.

‘लय लबाड बोलल्या तुम्ही मले.’

‘हो.’

‘पोरीले जंगलात नका पाठवू आता.’

‘नाई पाठवत.’

तिनं फोन ठेवला. मी तो गीताला परत दिला.

‘काय म्हणे?’

‘जंगलात पाठवू नका म्हणे.’

‘अजून?’

‘लबाड म्हणे.’

गीतानं फोन पदराला पुसला. ‘बरोबर म्हणे,’ ती म्हणाली आणि आत जायला उठली. दारातून वळून म्हणाली, ‘पाचले उठवा मले. सायबानं सहाले बलावलं हाय.’